राहू बेटापलीकडचा माळ

दौंड तालुक्यातल्या राहूहून दक्षिणेला निघालं की सुरुवातीचा बराच रस्ता दोन्ही बाजूंनी उसात बुडालेला असतो. मुळा-मुठा आणि भीमा या नद्यांच्या बेचक्यातला हा पट्टा ‘राहू बेट’ म्हणून ओळखला जातो. काळी जमीन, बारमाही पाणी, जागोजागी धुरकटलेली गुऱ्हाळं आणि उसाच्या मोळ्यांनी वाकलेल्या जोडट्रॉल्या. पुणे शहर धरणांचं पाणी वापरून सोडून देतं, आणि ते जलपर्णीसकट मुळा-मुठेतून इकडे उतरतं. त्याबद्दल इथले लोक बोटं मोडतात आणि त्याच पाण्यावर तीन-तीन खोडवी काढतात.

नदीचा पूल ओलांडून केडगाव, पुढे पुणे-सोलापूर महामार्गावरचं चौफुला, आणि तिथून सुप्याचा फाटा. कालव्याचं ओलित मागे पडलं की देखावा झपाट्याने बदलतो. ऊस संपतो, ज्वारी-बाजरीची तुकडे-तुकडे रानं लागतात, मग मुरूम उघडा पडतो. झाड दिसलंच तर हिवर नाहीतर बाभूळ. मुंबई-पुण्याच्या पाहुण्याला इथे ‘काही नाही’ असं वाटू लागतं, नेमकं तिथेच मयूरेश्वर अभयारण्य सुरू होतं.

बारामती तालुक्यातल्या सुपे गावच्या शिवारातलं हे अभयारण्य १९९७ च्या ऑगस्टमध्ये जाहीर झालं. क्षेत्रफळ ५.१४ चौरस किलोमीटर. ताडोबाचा एखादा कोपराही याहून मोठा निघेल. मोरगावचा मयूरेश्वर जवळ, म्हणून नाव त्या देवाचं. पण अभयारण्य राखलं ते चिंकारा हरणासाठी. राज्यातल्या सगळ्यात लहान अभयारण्यांत याची गणना होते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जतजवळचं रेहेकुरी याहूनही लहान, २.१७ चौरस किलोमीटरचं. ते १९८० साली काळविटांसाठी राखलं गेलं. दोन्ही जागा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहेत. ढग घाटमाथ्यावर रिते होऊन इथे पोचतात. घाटात काही हजार मिलिमीटर कोसळणारा पाऊस सुप्याच्या वाट्याला वर्षाकाठी पाचशेच्या आत-बाहेर येतो, तोही लहरीप्रमाणे.

फाटकावर शुल्क भरून, सोबत गावातला वाटाड्या घेऊन मातीच्या रस्त्याने आत जाता येतं. पहिली दहा मिनिटं निराशेचीच असतात. ‘अभयारण्य’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे उभी राहणारी घनदाट झाडी, वेली, ओढा यांतलं इथे काही नाही. गुडघाभर पिवळं गवत, त्यात विखुरलेली बोरं-बाभळी, तरवडाची झुडपं, कुठे खैर, कुठे वनखात्याने लावलेला सिसू. जमीन हलकेच चढते, हलकेच उतरते. ज्यांना या माळाची सवय आहे ते लोक झाडांकडे बघतच नाहीत. ते गवताच्या कडेला, उतारावर, सावलीच्या टोकाशी नजर लावून बसतात.

तिथे चिंकारा असतो. बहुतेक वेळा तो आधीच तुमच्याकडे बघत असतो.

वजन वीस-बावीस किलो, उंची दोन फुटांच्या थोडी वर. पाठ वाळलेल्या गवताच्या रंगाची, पोट पांढरं, डोळ्यापासून नाकपुडीपर्यंत उतरलेला काळसर पट्टा आणि सतत फडफडणारी काळी शेपटी. ती शेपटी हलली नाही, तर तीस पावलांवरचं जनावरही दिसणार नाही. धोका वाटला की चिंकारा पुढचा पाय जमिनीवर आपटतो आणि नाकातून शिंकेसारखा आवाज काढतो. मग चार-सहा उड्या, थोडं अंतर, आणि पुन्हा थांबून मागे वळून पाहणं. ही मागे वळण्याची सवय शिकाऱ्यांना पूर्वी फार सोयीची ठरली. आपण त्याला हरीण म्हणत असलो तरी सांबर-चितळाच्या कुळातला हा प्राणी नव्हे. त्याची शिंगं दरवर्षी झडत नाहीत. नराची वळ्यावळ्यांची आणि लांब, मादीची बारीक आणि आखूड. पण असतात दोघांनाही. काळविटासारखे मोठे कळपही चिंकारा करत नाही. दोन, तीन, फार तर पाच-सहा जण एकत्र.

या प्राण्याचं खरं कसब पाण्याच्या बाबतीतलं आहे. पाणवठा असेल तर तो पितो, नसेल तर दिवसचे दिवस त्यावाचून काढतो. पहाटेच्या दवाने ओलावलेली पानं, बोरीचे कोवळे शेंडे, बाभळीच्या शेंगा, रानफळं यांतून मिळेल तेवढा ओलावा तो पुरवून वापरतो. म्हणूनच जिथे ऊस पोचू शकला नाही तिथे चिंकारा टिकला. उन्हाळ्यात वनखातं सिमेंटच्या उथळ पाणवठ्यांत टँकरने पाणी सोडतं. मे महिन्यात सकाळ-संध्याकाळ तिथे लक्ष ठेवलं, तर चिंकाऱ्यांपेक्षा पक्ष्यांचीच रीघ अधिक दिसते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत चिंकाऱ्याला जागा आहे, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच यालाही. राजस्थानातल्या एका गाजलेल्या शिकार-खटल्यामुळे त्याचं नाव घरोघरी पोचलं. मात्र पुणे जिल्ह्यातच तो राहतो, हे कित्येक पुणेकरांच्या गावीही नसतं.

चिंकारा दिसला की बहुतेकांची सफर संपते, गाडी मोरगावच्या दिशेने वळते. खरं तर त्यानंतरचा तास जास्त मजेचा असतो.

गवतापासूनच सुरुवात करावी. कुसळी गवताच्या बीला एक लांब, पिळदार शेपूट असतं. हवेत ओल आली की ते शेपूट उलगडतं, कोरडं पडलं की पुन्हा पीळ खातं. या वळण्या-उलगडण्यातून बी गिरमिटासारखं मातीत शिरतं. म्हणजे पेरणी, वखर, पाळी सगळं बी स्वतःच उरकतं. तीच यंत्रणा पाहुण्याच्या पँटमध्ये आणि मेंढरांच्या लोकरीत शिरते तेव्हा तिला शिव्या बसतात. पवन्या, मारवेल ही त्याच माळावरची जनावरांना आवडणारी गवतं. ती चराईचा ताण फार झाला की आधी नाहीशी होतात आणि कुसळी माजते, त्यामुळे माळाची तब्येत ओळखायला जाणता गुराखी आधी गवताची जात बघतो.

उन्हाळ्याच्या अखेरीस दगडांवर गळपिशवीचे सरडे उभे दिसतात. नर मागच्या पायांवर उठून गळ्याखालचा निळा-काळा-नारिंगी पंखा उघडतो आणि मिटतो. माद्यांना बोलावणं आणि शेजारच्या नराला तंबी, दोन्ही कामं त्यातच. जूनमध्ये पहिला पाऊस झाला की चंडोल सरळ वर चढतात आणि गात-गात खाली येतात. धाविक पक्षी चार पावलं पळतो, थांबतो, पुन्हा पळतो. माळटिटवी उघड्या खड्यांवर अंडी घालते आणि ती अंडी त्या खड्यांत अशी मिसळून जातात की पाय पडेपर्यंत कळत नाही. म्हणून या दिवसांत रस्ता सोडून चालायचं नाही. सकाळी ठराविक वेळी पखुर्ड्यांचे थवे पाण्यावर येतात. पखुर्डीचा नर पोटाची पिसं पाण्यात भिजवून ते पाणी पिल्लांसाठी नेतो. तारेवर खाटिक, हिवरावर नीलपंख, आभाळात सापमार गरुड. यांतल्या बहुतेकांना दाट झाडी चालत नाही. जमिनीवर घरटं करणाऱ्याला चारही बाजूंनी येणारा शत्रू दुरून दिसायला हवा, एवढा साधा हिशेब त्यामागे आहे.

हिवाळ्यात भोवत्ये येतात. लांब, निमुळत्या पंखांचे हे शिकारी पक्षी गवतावरून अगदी कमी उंचीने तरंगत नाकतोडे आणि उंदीर हेरतात, रात्री गवतातच जमिनीवर मुक्काम करतात. माँटेग्यूचा भोवत्या या जातीचे जे पक्षी मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशात वीण करतात, ते थंडीत भारतात उतरतात. त्याच जातीचे युरोपातले भाईबंद मात्र भूमध्य समुद्र ओलांडून आफ्रिका गाठतात, आणि त्या वाटेवर माल्टा नावाचं एक बेट लागतं.

माल्टाचा उल्लेख इथे उगाच नाही. त्या बेटावर साधारण ५५० मिलिमीटर पाऊस पडतो, जवळपास आपल्या सुप्याइतकाच. फरक एवढाच की तो हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा ठणठणीत कोरडा जातो. जंगल म्हणावं असं तिथे फारच थोडं. त्यातलं सगळ्यात नावाजलेलं म्हणजे बस्केट. सोळाव्या शतकात बेटावर राज्य करणाऱ्या सेंट जॉनच्या सरदारांनी एका ओलसर दरीत शिकारीसाठी ही झाडी वाढवली: अलेप्पो पाइन, ओक, कॅरोब, ऑलिव्ह, खाली संत्र्यांच्या बागा. १५८६ मध्ये तिच्या माथ्यावर व्हर्डाला महाल बांधला गेला. आज तो माल्टाच्या राष्ट्राध्यक्षांचं उन्हाळी निवासस्थान आहे. हे बेट सम्राट पाचव्या चार्ल्सने १५३० मध्ये सरदारांना दिलं तेव्हा वार्षिक खंडणी ठरली होती एक बहिरी ससाणा. दरवर्षी जूनच्या अखेरीस तिथे ‘इम्नारिया’ नावाची जत्रा भरते. रात्रभर गाणी, सशाच्या मटणाचा बेत, जनावरांचं प्रदर्शन. मोरगाव-जेजुरीच्या जत्रेला जाणाऱ्या माणसाला तिथे फार परकं वाटू नये.

सप्टेंबरमध्ये युरोपातून निघालेले शिकारी पक्षी रात्रीच्या विश्रांतीला बस्केटच्या झाडांवर उतरतात, आणि त्यांच्यावर चोरून बंदुका चालतात, म्हणून पक्षिमित्र तिथे पहारा देतात. आता हे वन युरोपीय संघाच्या ‘नातुरा २०००’ या संरक्षित जाळ्यात आहे. माणसाने स्वतःच्या हौसेसाठी लावलेली झाडी चारशे-साडेचारशे वर्षांत निसर्गाचा आसरा बनली, असा हा प्रकार. कारण तिथे दरी होती, ओल होती, आणि सरदारांनी राखण केली.

सुप्याचा इतिहास उलट बाजूने वाचावा लागतो. इथेही राखण होती. फक्त ती झाडांची नव्हती.

पुणे आणि सुपे हे परगणे निजामशाहीपासून भोसले घराण्याच्या जहागिरीत. शहाजीराजांच्या वतीने सुप्याचा कारभार त्यांच्या पत्नी तुकाबाईंचे बंधू संभाजी मोहिते पाहत, आणि १६५६ च्या सुमारास शिवरायांनी सुपे आपल्या ताब्यात घेतलं, हे शालेय पुस्तकातही असतं. त्या वेळी सुप्यात तीनशे घोड्यांची पागा होती, असं इतिहासकार सांगतात. एका घोड्याला दिवसाला सात किलो सुकं गवत धरलं, तरी रोजची गरज दोन टनांच्या वर जाते. हे गवत येणार कुठून? मराठी राज्यात त्यासाठी सरकारी कुरणं राखलेली असत. तिथे ठराविक काळ जनावर घालायला बंदी, कापणी ठरलेल्या वेळी, गंजी रचून साठवण. भीमेच्या काठची ‘भीमथडी’ तट्टं मराठ्यांच्या फौजेत प्रसिद्ध होती: अंगाने लहान, काटक, थोडक्या चाऱ्यावर मैलोन्‌मैल जाणारी. वेगवान फौजेचं कौतुक करताना तिच्या पोटातल्या गवताचा विचार आपण सहसा करत नाही.

पुढे इंग्रजी अमलात गवताची किंमत उतरली आणि नांगराखालच्या जमिनीची चढली. सारा नांगरटीवर मिळायचा. माळ सरकारी दफ्तरात पडीक ठरला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव कडाडले तेव्हा लोकांनी कर्ज काढून जमिनी उठवल्या. १८६५ मध्ये ते युद्ध थांबलं, भाव कोसळले, वर साऱ्याची फेरआकारणी झाली. दहा वर्षांत गळ्यापर्यंत आलेलं हे सगळं १२ मे १८७५ रोजी फुटलं, ते सुप्याच्याच बाजारात. शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चालून जाऊन कर्जरोखे आणि वह्या ताब्यात घेतल्या, जाळल्या. पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलेल्या या उठावाची ‘दख्खनचे दंगे’ म्हणून इतिहासात नोंद आहे. त्यातून चौकशी आयोग आला आणि १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. आज सुप्यातून अभयारण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना या घटनेची गंधवार्ताही नसते. गावात एखादी ठळक पाटी लावली तर काय बिघडेल?

माळ पडीक आहे ही समजूत मात्र इंग्रज गेल्यावरही गेली नाही. सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशांत गवताळ माळ अजूनही मोठ्या संख्येने दाखवले जातात. आणि ‘पडीक’ म्हटलं की तिथे काहीतरी करून दाखवण्याची घाई आलीच. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीच्या कामांत आणि पुढच्या सामाजिक वनीकरणात पुणे, सोलापूर, नगरच्या माळांवर चर खणले गेले, गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी लावली गेली. हेतू चांगला होता, दुष्काळात हातांना काम मिळालं, हेही खरं. पण गिरिपुष्पाखाली गवत धरत नाही, त्याचा पाला चिंकारा खात नाही, आणि दाट रांगांमध्ये धाविक किंवा चंडोल अंडी घालत नाहीत. गवताळ प्रदेश कार्बनही साठवतो, मात्र तो मुख्यतः जमिनीखाली, मुळांत आणि मातीत. वरून फोटो काढला तर ते दिसत नाही. वृक्षारोपणाचा फोटो चांगला येतो.

माळढोकाचं काय झालं ते याच संदर्भात आठवावं. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झालं, तेव्हा कागदावर त्याचं क्षेत्र जवळजवळ ८,५०० चौरस किलोमीटर होतं: गावं, शेती, रस्ते सगळं धरून. इतक्या मोठ्या हद्दीत कायदा पाळणं शक्य नव्हतं, लोक वैतागले, आणि अखेर ते क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणण्यात आलं. एवढं होईतो माळढोकच जवळपास दिसेनासा झाला. त्या मानाने सुप्याचे पाच चौरस किलोमीटर शहाणपणाचे म्हणायला हवेत. छोटी हद्द, एक मुख्य प्राणी, गावाशी रोजचा संबंध. तरी चिंकाऱ्याला हद्द कळत नाही. तो आजूबाजूच्या गायरानात आणि शेतात फिरतो, रस्ता ओलांडताना गाडीखाली सापडतो, आणि भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या त्याला धावडवून मारतात. माळावरच्या वन्यजीवांचा आजचा मोठा वैरी कोण, असं विचारलं तर उत्तर हॉटेल-ढाब्यांच्या उकिरड्यावर पोसलेला कुत्रा हेच येईल.

कुत्र्यांनी लांडग्यांचीही पंचाईत केली आहे. पुणे जिल्ह्यातले माळ हे भारतीय लांडग्याच्या थोड्या उरलेल्या घरांपैकी एक. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पुण्याजवळच्या माळांवर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर होत असल्याचं जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं. पुण्याच्या ‘द ग्रासलँड्स ट्रस्ट’चे कार्यकर्ते आणि बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी मिळून हे काम केलं. लांडग्याचं खरं नातं धनगरांच्या वाड्याशी. मेंढरं शेतात बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे, आणि रात्री लांडग्यावर नजर ठेवायची, ही रीत इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. वर्षात दोन-चार मेंढरं लांडगा नेणार हे धनगर गृहीत धरतो. त्याचा राग येतो, पण त्याचं विष सहसा लांडग्यावर उतरत नाही. शहरातल्या प्राणिमित्रांनी या हिशेबाची दखल घ्यायला हवी. लांडगा टिकला त्यात या लोकांनी सोसलेल्या तोट्याचा वाटा मोठा आहे.

आणि राहू बेट? तिकडे अगदी उलट घडलं. जिथे जंगल नव्हतं तिथे माणसाने उसाचं रान उभं केलं: बारा-पंधरा महिने उभं राहणारं, दाट, ओलसर, आत माणसाचा वावर नसलेलं. बिबट्याला आणखी काय पाहिजे? जुन्नर, आंबेगाव, शिरूर आणि आता दौंड या तालुक्यांत बिबट्यांच्या पिढ्या उसातच जन्मल्या. डोंगर त्यांनी पाहिलेलाच नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या शेती-भागात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच बिबटे आणि जवळपास तितकेच तरस आढळले होते. तेही जंगल नसलेल्या, माणसांनी भरलेल्या मुलखात. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं दगावली, संतापलेल्या लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखला, आणि नरभक्षक ठरलेल्या बिबट्याला गोळी घालावी लागली. ऊसतोडीच्या दिवसांत फडात सापडलेल्या बछड्यांच्या बातम्या आता दरवर्षीच्या झाल्या आहेत. राहूच्या शेतकऱ्याला रात्री मोटार चालू करायला जाताना जो धसका वाटतो, तो सुप्याच्या मेंढपाळाला उघड्या माळावर वाटत नाही. हिरवं ते सुरक्षित आणि उघडं ते भकास, हा आपला ठोकताळा या तीस-चाळीस किलोमीटरांत पार उलटा होतो.

झाडांची राखण जिथे शोभते अशी जागाही याच परिसरात आहे. भीमेच्या उत्तरेला, शिरूर तालुक्यात, कान्हूर मेसाईच्या शेजारी चिंचोली मोराची. गावाभोवती चिंचांच्या जुन्या राया. ही झाडं पेशवाईत लागली असं गावकरी सांगतात. चिंच सावकाश वाढते आणि दोनशे वर्षं सहज जगते. सावली दाट, मुळं खोल, पाऊस कमी असला तरी चालतं. तिच्या आसऱ्याने मोर राहिले, आणि गावाने त्यांना कधी हुसकावलं नाही. अंगणात येणाऱ्या मोरांना दाणा टाकायचा, पिकाचं थोडं नुकसान सोसायचं, ही इथली रीत. गेल्या काही वर्षांत कृषी पर्यटनामुळे त्या सोसण्याला पैशांचं रूपही आलं: घरगुती जेवण, बैलगाडी, हुरडा, पहाटे मोर. शनिवार-रविवारी मोरांपेक्षा माणसं जास्त होतात, ही तक्रार मात्र खरी आहे. शक्यतो मधल्या वारी जावं.

सुप्याला जाणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. सकाळी उजाडताच पोचावं. नऊनंतर जनावरं सावली धरतात. शिकारी पक्ष्यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पाणवठ्यांसाठी एप्रिल-मे, हिरव्या माळासाठी आणि चंडोलांच्या गाण्यासाठी जुलै-ऑगस्ट. दुर्बीण हवीच, नसेल तर मागून आणावी. कपडे मळखाऊ, पायात बूट, आणि मोजे असे की त्यात कुसळं अडकली तर वाईट वाटणार नाही. आत खाण्या-पिण्याची सोय नाही, ती नसावीच. चिंकाऱ्यामागे गाडी पळवू नये. फोटो दुरूनही चांगला येतो. वेळ असेल तर बारामतीजवळचं शिर्सुफळ आणि इंदापूर तालुक्यातलं कडबनवाडी इथले माळही पाहावेत. पुणे वनविभागाने तिथे गवताळ सफारी सुरू केली असून गावातल्या तरुणांना वाटाड्याचं काम मिळालं आहे. भादलवाडीच्या तलावावरचे चित्रबलाक आणि उजनीच्या फुगवट्यातले रोहित त्याच वाटेवर येतात.

एक विनंती ग्रामपंचायतींना, शाळांना आणि शहरातून ट्रक भरून रोपं आणणाऱ्या मंडळांना. येत्या जूनमध्ये झाडं जरूर लावा: रस्त्याकडेला चिंच, ओढ्याच्या काठी करंज आणि उंबर, शाळेच्या आवारात कडुनिंब, राहू बेटात बांधावर हवं ते. गावच्या माळावर मात्र खड्डे घेऊ नका. तिथे दोन वर्षं चराई आवरा, उकिरड्यांचा बंदोबस्त करा, गवत बियाला येऊ द्या.